हँडलर-साखळी (जावा वेब सेवा)

वेब सेवेकडे येणारा संदेश मूळ सेवेपर्यंत पोहोचण्याआधी, आणि तिचे उत्तर बाहेर पडण्याआधी, ज्या टप्प्यांतून जातो त्यांची एकामागोमाग केलेली जोडणी. सही पडताळणे, नोंद ठेवणे, मजकूर उलगडणे ही कामे प्रत्येक सेवेत पुन्हा लिहावी लागू नयेत म्हणून ती स्वतंत्र ‘हँडलर’मध्ये ठेवतात. ‘डिझाइन पॅटर्न्स’ (१९९४) या ग्रंथातील जबाबदारीच्या साखळीत विनंती बहुधा योग्य घटकापाशी थांबते. येथे ती सहसा सगळ्यांच्या हातून जाते.

या रचनेतील सर्वांत सुंदर कल्पना अपाची अ‍ॅक्सिसची (आवृत्ती १.०, २००२). तेथे साखळी हीच एक हँडलर असते, त्यामुळे एक साखळी दुसरीत कडीसारखी बसते. वाहतुकीची, सर्वांसाठीची आणि त्या त्या सेवेची अशा साखळ्या ओलांडून संदेश मूळ सेवा चालवणाऱ्या ‘पिव्हट’ हँडलरपर्यंत येतो आणि तेथून उत्तर बनून परततो. प्रत्येक हँडलरला मिळतो तो संदेश आणि त्याची माहिती वाहणारा एकच ‘मेसेजकॉन्टेक्स्ट’. धोकाही त्यातच आहे: एकाने त्यात ठेवलेल्या मूल्यावर दुसरा विसंबला, की वरून सुट्या दिसणाऱ्या कड्या आतून बांधल्या जातात. अशी देवघेव लेखी नोंदवणे अत्यावश्यक मानावे. एकच हँडलर अनेक विनंत्यांना एकाच वेळी सामोरा जाऊ शकतो, म्हणून एखाद्या विनंतीची माहिती त्याच्या स्वतःच्या चलांत ठेवू नये.

क्रम हा या रचनेचा गाभा आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची (स्थापना १९८८) ‘ई-हस्ताक्षर’ सेवा ऑनलाइन डिजिटल सहीच्या ज्या ई-साइन पद्धतीवर चालते, तीत हे लख्ख दिसते. अ‍ॅप्लिकेशन दस्तऐवज पाठवत नाही, त्याचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) पाठवते, आणि एक्सएमएल विनंतीवर स्वतःची सही करते. आधी ती सही तपासायची, मग आधारद्वारे नागरिकाची ओळख पटवायची, त्यानंतर किल्ल्यांची जोडी, प्रमाणपत्र आणि हॅशवरील सही. शेवटी खासगी किल्ली नष्ट. पहिले दोन टप्पे उलटवले, तर कोणत्याही अनोळखी अ‍ॅप्लिकेशनच्या विनंतीने नागरिकाच्या मोबाइलवर ओटीपी येऊ लागेल. किल्ली बनल्यावर मध्येच बिघाड झाला, तरीही ती नष्ट व्हायलाच हवी. म्हणून बिघाडाची वाट मुख्य वाटेइतक्याच काळजीने, किंबहुना तिच्या आधी आखावी. अ‍ॅक्सिसमध्ये अपयश आले की आधी चाललेल्या हँडलरांचे ‘ऑनफॉल्ट’ उलट्या क्रमाने बोलावले जाते. जावाच्या जॅक्स-डब्ल्यूएस या वेब सेवा मानकात ‘हँडलमेसेज’ने नकार दिला की पुढची वाट बंद होते, पण चाललेल्या प्रत्येकाचे ‘क्लोज’ होतेच.

अ‍ॅक्सिस२ने (आवृत्ती १.०, २००६) क्रमाला नावे दिली. हँडलर ‘फेज’मध्ये बसतो आणि अमक्याच्या आधी, तमक्याच्या नंतर असे नियम सांगतो, त्यामुळे रॅम्पार्टसारखे सुरक्षेचे मॉड्यूल सेवेचा कोड न बदलता जोडता येते. अ‍ॅक्सिऑम या त्यातील एक्सएमएल-वाचकामुळे एक्सएमएल लागेल तेवढेच वाचले जाते. मात्र नोंदीसाठी अख्खा संदेश छापणारा एकच हँडलर ही सारी बचत घालवतो.

रेस्ट सेवांसाठीच्या जॅक्स-आरएस २.० (२०१३) या जावा मानकात क्रम आकड्यांनी ठरतो: ओळख पटवण्याला १०००, परवानगीला २०००. विनंतीचे फिल्टर चढत्या क्रमाने, उत्तराचे उतरत्या क्रमाने चालतात. आकडे देणे सोपे असते. पण अनेक गट एकाच साखळीवर काम करत असतील तेव्हा नावाच्या फेज अधिक भरवशाच्या, कारण त्या कशासाठी आहेत हे वाचणाऱ्याला थेट कळते.