डग्गा ऐकू येतो का?

रेकॉर्ड हातात आली की मी आधी पाकीट उलटं करते. पुढचं चित्र नंतर. मागे बारीक अक्षरांत कोणी काय वाजवलंय ते छापलेलं असतं, ते आधी वाचायचं. इंग्लंडला आल्यावर, सेकंडहँड रेकॉर्ड्सच्या खोक्यांपुढे वाकून उभं राहता राहता ही सवय लागली. साठच्या दशकाचा शेवट आणि सत्तरची सुरुवात या काळातल्या इंग्लिश रेकॉर्ड्सच्या पाठीवर मधूनच एखादं आपल्याकडचं नाव डोकावतं. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'वर (१९६६) 'अनिल भागवत, तबला' असं छापलंय, ते तर प्रसिद्धच आहे. मला मात्र जास्त वेळा भेटलेलं नाव म्हणजे केशव साठे.

"कुठले साठे?" आत्याने फोनवर लगेच विचारलं. (आत्या, वाचते आहेस ना?) मुंबईचे. जन्म १९२८ चा. १९५६ साली ते लंडनला आले आणि २०१२ मध्ये गेले. एवढ्याने आत्याचं समाधान झालं नाही, कारण तिला मूळ गाव हवं होतं. मला सांगता येतात त्या त्यांच्या रेकॉर्ड्स. जमैकन सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कलकत्त्यात जन्मलेले संगीतकार जॉन मेयर यांच्या 'इंडो-जाझ स्वीट'मध्ये (१९६६) तबल्यावर साठे. पुढच्याच वर्षी जर्मनीत झालेल्या 'जाझ मीट्स इंडिया'मध्ये दिवाण मोतीहार यांच्या सतारीबरोबर साठे. १९७७ मध्ये गिटारवादक जॉन रेनबर्नच्या 'अ मेड इन बेडलम'मध्ये जुन्यापुराण्या इंग्रजी चालींखाली तबला, तोही साठ्यांचाच. आणि या सगळ्यांच्या मध्ये, १९७२ साली, 'मॅजिक कार्पेट'.

माझा जीव अडकलाय तो या 'मॅजिक कार्पेट'मध्ये. 'सायकेडेलिक फोक' नावाचा एक प्रकार तेव्हा इंग्लंडात रुजला होता. जुनी लोकगीतं गिटारवर म्हणणारी मुलं एकाएकी सतार, बासरी, ऑर्गन, हाताला लागेल ते घेऊन बसली, आणि सरळ चालणारी गाणी मधेच गल्लीबोळांत शिरू लागली. लोक हे सगळं नशेच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. थोडंफार खरंही आहे ते. पण नशेत माणूस एक वेळ गाणं रचेल, सतार लावून दाखवेल का? 'इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड'सारख्या काहींचं नाव झालं. बाकीच्यांनी एखादी रेकॉर्ड काढली, ती खपली नाही, आणि मंडळी आपापल्या वाटेने गेली.

'मॅजिक कार्पेट' त्यातलीच. चौघंच जण. गायला अलिशा सुफिट, सतारीवर क्लेम आल्फर्ड, गिटारवर जिम मॉइस आणि तबल्यावर केशव साठे. रेकॉर्ड काढली लंडनच्या 'मशरूम' नावाच्या छोट्याशा लेबलने. बहुतेक बँडमध्ये सतार वरून शिंपडलेल्या कोथिंबिरीसारखी असायची. इथे आमटीच सतार-तबल्याची आहे. दुसऱ्या बाजूला एका तुकड्याचं नाव 'टेक अवे केश' असं आहे, आणि त्यातला 'केश' म्हणजे आपले केशवराव, हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही. बँड लवकरच फुटला. आज मूळ रेकॉर्डला शेकडो पौंड पडतात.

आता "चांगलं प्रेसिंग हवं" असा हट्ट कशाला, तर त्याचं कारण आहे डग्गा.

लहानपणी दादा तबला शिकायचा. गुरुजी घरी यायचे आणि मला शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसवलेलं असायचं. भिंतीतून चाटेचा टणत्कार येत नाही. येतो तो फक्त डग्ग्याचा घुमारा. त्यामुळे माझ्या कानात तबला म्हणजे मुळात डावा हात. मनगट किंचित पुढे सरकलं की आवाज कसा वर चढतो, ते मी बीजगणिताची गणितं सोडवता सोडवता शिकले. (दादा, तुझा 'धा' कच्चा होता हे मला भिंतीपलीकडूनही कळायचं.)

आणि वाईट रेकॉर्ड सगळ्यात आधी खाते ती हा डग्गाच. खालचे स्वर खाचेत कोरायचे म्हटलं की खाच रुंद वळणं घेते, जागा जास्त लागते, म्हणून कोरताना ते दाबून कोरतात आणि वाजवताना ॲम्प्लिफायर ते परत वाढवतो. ही पद्धत सगळीकडे सारखीच. पण कोरणारा घाबरट असेल, एका बाजूवर जास्त मिनिटं बसवायची असतील, किंवा सुई उडेल अशी धास्ती असेल, तर तो खालचा भाग आणखी कापतो. गिटार-गाण्याच्या रेकॉर्डला त्याने फारसं बिघडत नाही. तबल्याचं मात्र उजवं अंग तेवढं उरतं आणि डाव्याचा नुसता 'ढब' होतो. मींड गेली की डग्गा गेला.

दुसरा शत्रू म्हणजे आतली खाच. रेकॉर्ड फिरते मिनिटाला ३३⅓ वेळा, बाहेरही आणि आतही. पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ पोचेपर्यंत जेमतेम २१. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा! शेवटच्या गाण्यात 'स' फाटतात, सतारीच्या तारा कचकच करतात. आणि 'मॅजिक कार्पेट'च्या दुसऱ्या बाजूचा शेवटचा तुकडा कोणता? 'राग'. ठेवायचा नेमका तिथेच!

तिसरा शत्रू ओरखडा. त्याचं गणित मला भलतंच आवडतं. एक फेरी १.८ सेकंदांची, म्हणजे आडवा ओरखडा दर १.८ सेकंदांनी 'टक्' करणार. गिटारच्या गाण्यात तो नुसता त्रास असतो. तबल्याच्या रेकॉर्डवर तो चक्क साथीला बसतो. स्वतःची लय घेऊन, कुठल्याच मात्रेशी न जुळता, आणि आवाज नेमका चाटेसारखा. दोन-चार आवर्तनं ऐकली की कोण चुकतंय तेच कळेनासं होतं.

म्हणून न झिजलेली प्रत हवी. आणि इथे या शोधातली खरी गंमत सुरू होते.

या रेकॉर्ड्स घेतल्या कोणी? भाड्याच्या खोलीत चौघं राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी. वाजवल्या कशावर? स्वस्तातल्या प्लेअरवर, ज्याचा हात खाचेवर चांगला जड बसायचा. सिगारेटची राख, सांडलेली बिअर, पाकीट सापडेना म्हणून गादीवर पडलेली रेकॉर्ड. जिला ती आवडली, तिने ती शंभरदा लावली, आणि प्रत्येक वेळी सुईने वरचे स्वर थोडे थोडे खरवडून नेले. शास्त्रीय संगीताच्या जुन्या रेकॉर्ड्स इथे धर्मादाय दुकानांत चकचकीत मिळतात, कारण त्या रविवारी दुपारी, हात धुऊन, जपून लावल्या गेल्या. फोकच्या तशा मिळत नाहीत. माझा ठोकताळा असा, की चांगली प्रत बहुधा त्या माणसाकडची असते ज्याला ती आवडली नव्हती! भेट मिळालेली, एकदा ऐकून तोंड वाकडं करून कपाटात ढकललेली. नाहीतर न खपलेला दुकानातला माल. ज्यांनी प्रेम केलं त्यांच्या प्रती प्रेमानेच संपल्या.

संख्याही मुळात कमी. त्या काळी इंग्लंडात खरेदी-कर होता. शंभराच्या आत प्रती काढल्या तर तो चुकवता येई, म्हणून हौशी मंडळींच्या खासगी रेकॉर्ड्स नेमक्या ९९ प्रतींच्या निघत. १९७३ मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला. म्हणजे काही रेकॉर्ड्स आज दुर्मीळ आहेत त्या कलेमुळे नव्हे, इन्स्पेक्टरमुळे.

पण दुर्मीळ म्हणजे चांगली, हे समीकरण बाजाराचं आहे, कानाचं नाही. लिंडा पर्हॅक्स हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. ही अमेरिकन बाई कॅलिफोर्नियात दातांच्या दवाखान्यात काम करायची, लोकांचे दात साफ करायची. तिथे येणारा एक पेशंट होता चित्रपट-संगीतकार लेनर्ड रोझनमन. तिची गाणी ऐकून त्याने 'पॅरललोग्रॅम्स' ही रेकॉर्ड केली आणि १९७० मध्ये 'कॅप' लेबलने ती काढली. बारीक विणकाम, आवाजावर आवाजाचे थर. आणि छापून आली तेव्हा सगळं गोणपाटाखाली झाकल्यासारखं! तिने घरी आलेली प्रत ऐकली आणि फेकून दिली, दवाखान्यातली नोकरी चालू ठेवली. १९९८ मध्ये एका चाहत्याने रेकॉर्डवरूनच उतरवून सीडी काढली, मग तिला शोधून काढलं, तेव्हा कळलं की तिच्याकडे स्वतःच्या टेप्स होत्या. त्यांवरून २००३ मध्ये पुन्हा निघालेली आवृत्ती ऐकली की कळतं, स्टुडिओत काय वाजलं होतं. आणि १९७० ची ती मूळ रेकॉर्ड? तिला अजून भरपूर किंमत येते. जी गाणाऱ्या बाईने कचऱ्यात टाकली तीच! तिची दुसरी रेकॉर्ड २०१४ मध्ये निघाली, ४४ वर्षांनी.

पुनर्मुद्रणांचंही सरसकट काही सांगता येत नाही. पाकिटावर '१८० ग्रॅम' असं सोनेरी स्टिकर लावतात, पण वजनावरून घ्यायला ती काय कोथिंबिरीची जुडी आहे? जाड प्लास्टिकवर वाईट कोरलेलं वाईटच वाजतं. विचारायचं ते एवढंच, की कशावरून उतरवलंय. मूळ टेप, टेपची नक्कल, की कोणाची तरी झिजलेली रेकॉर्ड? जो सांगत नाही त्याच्याकडून मी घेत नाही. मूळ रेकॉर्ड पाहताना मात्र पाकिटावर विश्वास ठेवू नये. उजेडात तिरकी धरावी आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर काय खरडलंय ते वाचावं. या पट्टीला इकडे 'रनआउट' म्हणतात. (बाबा, क्रिकेटमधला नव्हे.) तिथले आकडे कोणत्या कोरणीची प्रत आहे ते सांगतात, आणि काही कोरणारे तिथे सहीसुद्धा ठेवत. जॉर्ज पेकम नावाच्या कारागिराचं 'पोर्की' दिसलं की माझ्यासारखीचा हात आपोआप पाकिटाकडे जातो.

धाकटा मामेभाऊ म्हणतो, "यूट्यूबवर आहे की सगळं, ऐक ना फुकट." ऐकते. आत्यालाही तेच पाठवलं. तिने मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून "बाई बरी गाते" असा निकाल दिला. तबल्याबद्दल काहीच बोलली नाही. कशी बोलेल? त्या स्पीकरमधून डग्गा बाहेरच पडत नाही. केशव साठे तिथे अर्धेच पोचतात, आणि अर्ध्या साठ्यांना कुठले म्हणून विचारण्यात काय अर्थ आहे!

'मॅजिक कार्पेट'च्या दोन मूळ प्रती मी आतापर्यंत हातात घेतल्या आहेत. पहिली एका चर्चच्या हॉलमध्ये भरलेल्या रेकॉर्ड-जत्रेत. लेबलवर बॉलपेनने कोणा मुलीचं नाव, पाकिटावर कपाचं वर्तुळ. विक्रेता सज्जन होता, त्याने लावून दाखवली. 'राग' येईपर्यंत सतारीच्या तारा वाळूत ओढल्यासारख्या. ती मुलगी मला मनापासून आवडली, रेकॉर्ड ठेवून दिली. दुसरी प्रत काही वर्षांनी दुसऱ्या गावात. पाकीट फाटकं, रेकॉर्ड मात्र काळ्या काचेसारखी. पहिलीच चाल सुरू झाली आणि दुकानात माझ्या पायांखालून तो आवाज वर आला. वळलेला, गोल, चढत जाणारा. मी शेजारच्या खोलीत होते. किंमत सांगितल्यावर परत दुकानात आले. त्या महिन्याच्या घरभाड्याएवढा आकडा होता. मी बाजू संपेपर्यंत उभी राहून ऐकली, त्याने संपेपर्यंत लावू दिली, आणि दोघंही किमतीबद्दल पुन्हा काही बोललो नाही.

अलिशा सुफिट यांनी नव्वदच्या दशकात स्वतःच्याच लेबलवर ती रेकॉर्ड पुन्हा काढली, तिची सीडी माझ्याकडे आहे आणि रोजचं काम तिच्यावर चालतं. शिवाय 'अ मेड इन बेडलम' आहे, धर्मादाय दुकानात चार पौंडांना मिळालेली, कारण ती दुर्मीळ नाही आणि तिच्यामागे कोणी लागत नाही. पूर्वीच्या मालकाने ती दोनदासुद्धा वाजवली नसावी. जॅकी मॅकशीचा आवाज, रेनबर्नची गिटार, आणि खाली साठे, कुठेही न मिरवता. तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना लक्षात येतं की गाणं धरून ठेवलंय ते त्यांनीच. दादा ख्रिसमसला आला होता तेव्हा त्याला ऐकवली. तो मांडीवर बोटं धरून बसला आणि पहिली बाजू संपेपर्यंत डावा हात हलत होता.

बाकी शोध चालू आहेच. तुमच्यापैकी कोणाचे काका-मामा सत्तरच्या दशकात लंडनला होते का? माळ्यावर एखादं खोकं? त्यांना एवढंच विचारा, की कोणी कधी साठ्यांचा तबला म्हणून एक इंग्रजी गाण्यांची रेकॉर्ड भेट दिली होती का. आवडली नसेल तर फारच उत्तम.