कानात घालण्याचा अवरक्त तापमापक

कानात घालण्याचा अवरक्त तापमापक हे कर्णपटलातून बाहेर पडणाऱ्या अवरक्त प्रारणावरून शरीराचे तापमान सतत मोजणारे, इअरफोनसारखे कानात बसणारे उपकरण आहे. कर्णपटल कवटीत खोलवर व अंतर्गत ग्रीवा रोहिणीच्या सान्निध्यात असल्यामुळे त्याचे तापमान शरीराच्या आंतरिक तापमानाशी निगडित असते. ३८ अंश सेल्सिअस ही ज्वराची सर्वसाधारण सीमा मानली जाते; त्यामुळे अर्ध्या अंशाच्या चुकीनेही खरा ज्वर नजरेतून सुटू शकतो.

कार्यतत्त्व

३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या वस्तूचे प्रारण सुमारे ९.३ मायक्रोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक असते. ते थर्मोपाइल या संवेदकावर पडल्यास सूक्ष्म विद्युत दाब निर्माण होतो. हा दाब कर्णपटल आणि स्वतः संवेदक यांच्या निरपेक्ष तापमानांच्या चतुर्थ घातांमधील फरकावर अवलंबून असतो. म्हणून संवेदकाचे स्वतःचे तापमान थर्मिस्टरने वेगळे मोजावे लागते. कानात राहून संवेदक शरीराइतकाच उबदार झाला, की थर्मिस्टरची चूक जवळजवळ तशीच अंतिम उत्तरात उतरते.

त्रुटींची कारणे

• संवेदकाचा रोख कर्णपटलाऐवजी तुलनेने थंड कर्णनलिकेच्या भिंतीकडे असणे
• कानातील मळामुळे प्रारण अडणे
• बॅटरी व इलेक्ट्रॉनिक भागांच्या उष्णतेने संवेदक असमान तापणे
• वारा, ऊन किंवा वातानुकूलित खोलीत प्रवेश यांमुळे तापमानात अचानक बदल होणे

अचूकता वाढवण्याचे उपाय

संवेदकाभोवती उष्णतेचा सुवाहक असलेल्या धातूचे आवरण बसवल्यास त्याचे सर्व भाग समान तापमानावर राहतात. एकाहून अधिक थर्मिस्टर वापरून उपकरणातील तापमानाचा उतार मोजता येतो व त्यानुसार उत्तरात दुरुस्ती करता येते. भिंगाने दृष्टिक्षेत्र अरुंद केल्यास भिंतीचे प्रारण कमी मिसळते. कानात घट्ट बसणारे मऊ टोक बाहेरची हवा रोखते. तापमान स्थिरावेपर्यंतची मापने वगळणेही आवश्यक असते. प्रत्येक उपकरणाचे अंशशोधन ज्ञात तापमानाच्या कृष्ण पदार्थासमोर केले जाते.

मर्यादा

अमेरिकेतील एएसटीएम ई १९६५ या मानकानुसार कानाच्या अवरक्त तापमापकाची प्रयोगशाळेतील कमाल त्रुटी ३६ ते ३९ अंश सेल्सिअस या कक्षेत ०.२ अंश असावी. मात्र ही चाचणी कृष्ण पदार्थावर होते. प्रत्यक्ष कानाचा आकार, उपकरणाची बसणी व मळ यांमुळे होणारी त्रुटी तीत मोजली जात नाही. त्यासाठी माणसांवरील स्वतंत्र चाचणी आवश्यक ठरते.