राखणदार चोर कसा ठरला?



भोरजवळच्या उत्रौलीवरून आपण कितीदा जातो. याच उत्रौलीत डिसेंबर १८३१ मध्ये उमाजी नाईक इंग्रजांच्या हाती सापडले. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी झाली. जयंतीला आपण फोटोला हार घालतो. पण ही वेळ का आली, ते आज बघू.

उमाजी पुरंदरच्या भिवडीचे, रामोशी समाजाचे. गावाची राखण, रात्रीची गस्त, गडावरचा पहारा हे या समाजाचं काम. चोरी झाली तर माग काढायचा, नाहीतर भरपाई द्यायची. बदल्यात धान्य मिळायचं, काहींना जमीन होती. १८१८ ला पेशवाई बुडाली. इंग्रजांनी गडांवरचे पहारे मोडले, हक्क काढून घेतले. राखणदाराचीच चूल विझली. त्यातून लूट झाली, बंड झालं. सरकारने चुलीकडे पाहिलं नाही, उमाजींना पकडण्यासाठी बक्षीस लावलं.

इंग्रजांच्या स्वतःच्या देशातही तीनशे वर्षांपूर्वी हेच घडलं होतं. तिकडे जमीनदारांनी गायरानांना कुंपणं घातली, गरीब माणसं रस्त्यावर आली. १५३१ च्या कायद्याने काम न करता फिरणाऱ्या धडधाकट माणसाला गाडीमागे बांधून चाबकाने फोडायचे. बारा पेनींहून जास्त किमतीच्या चोरीला फाशी होती. पुढे १६०१ मध्ये गावोगावी कर गोळा करून म्हाताऱ्या, अपंग गरिबांना पोसायचा कायदा झाला. म्हणजे मदतही होती आणि चाबूकही.

आपल्याकडे मात्र शिक्षा जन्मालाच चिकटवली. १८७१ मध्ये इंग्रजांनी अख्ख्या जमातींनाच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. १९११ नंतर तो आपल्या भागातही आला. नावं नोंदवायची, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात कुटुंबंच्या कुटुंबं ठेवली. बाळ पाळण्यात असतानाच संशयित! ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा गेला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. रामोशी, कैकाडी, वडार हे आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत.

कायदा गेला, पण डाग गेला का? आमच्या एका गटात अशाच समाजातली ताई यायला तयार होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "पैशाची पेटी आहे, जरा बघून घ्या." आम्ही सगळ्या गप्प बसलो. ती ताई पुन्हा आली नाही. पुढच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला, खूप बोललो, मग तिच्या घरी जाऊन माफी मागितली. आज ती गटात आहे, तिचा हप्ता वेळेवर येतो. आमचं त्या दिवसाचं गप्प बसणं मात्र अजून टोचतं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढंच करा. गावातली कोणती वस्ती आपल्या एकाही गटात नाही ते बघा, आणि तिथे आपण होऊन जा.