मोगऱ्याचा हिवाळा

चैत्र-वैशाखात ओंजळभर मोगरा घरात आला की सारे घर दरवळून निघते. परंतु त्याच मोगऱ्याने मार्गशीर्ष-पौषाचे दिवस कसे काढले, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. फुलांच्या दिवसांत झाडाला सोयरे पुष्कळ मिळतात. थंडीत मात्र सांभाळणारा एखादाच असतो. अशा सांभाळणाऱ्यांचा थोडा इतिहास आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्याचे एक टोक इटलीतील फ्लॉरेन्स नगरीजवळ, दुसरे गोव्यात, तर तिसरे हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्यावर आहे.

मोगरा हा उष्ण प्रदेशाचा रहिवासी. ऊन त्याला मानवते, किंबहुना ऊन हेच त्याचे अन्न. परंतु पारा दहा अंशांच्या आसपास उतरला की त्याची वाढ थांबते आणि हिम पडले तर तो जळून जातो. त्यातही ज्याला आपण बटमोगरा म्हणतो, त्या भरगच्च पाकळ्यांच्या फुलाची आणखी एक अडचण आहे. त्याला बी धरत नाही. फांदी मातीत दाबून वा काडी लावूनच त्याचा वंश वाढवावा लागतो. ज्याच्या हाती झाड, त्याच्याच हाती त्याचे भवितव्य, ही गोष्ट पुढील हकिगतीसाठी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज गलबते गोव्याहून लिस्बनला जाऊ लागली, तेव्हा मिरी-दालचिनीबरोबर आपल्या फुलांची कीर्तीही युरोपात पोहोचली. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात रात्री फुलणाऱ्या पारिजातकाला एक स्वतंत्र संवाद दिला आहे. परंतु कीर्ती जाणे निराळे आणि जिवंत झाड जाणे निराळे. आफ्रिकेला वळसा घालून होणारा तो प्रवास अनेक महिन्यांचा असे. वर खारे वारे, खाली मोजून मिळणारे गोडे पाणी. तेथे माणसेच तहानलेली, मग कुंडीची काय कथा! तरीही सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गोव्याचा भरगच्च मोगरा टस्कनीच्या भूमीवर जिवंत पोहोचला आणि तेथील महाड्यूक तिसरा कोसिमो याच्या बागेत दाखल झाला.

कोसिमो हा सुप्रसिद्ध मेदिची घराण्यातील. १६७० ते १७२३ अशी त्रेपन्न वर्षे त्याने राज्य केले. स्वभावाने तो अतिशय भाविक होता आणि दुर्मीळ झाडे-फळे जमविण्याचा त्याला विलक्षण नाद होता. फ्लॉरेन्सजवळ कास्तेल्लो येथे या घराण्याची बाग आहे. तेथील लिंबू-संत्र्यांची झाडे मोठमोठ्या कुंड्यांत लावलेली असून थंडीच्या प्रारंभी ती छपराखाली नेतात आणि वसंतात पुन्हा उघड्यावर आणतात. मोगऱ्याला मात्र एवढ्याने भागेना. म्हणून त्याच्यासाठी वेगळी ऊबदार वास्तू उभी राहिली. तिला ‘स्तूफा देई मुगेरीनी’ म्हणतात. ‘स्तूफा’ म्हणजे शेगडी किंवा शेगडीने तापवलेली खोली आणि ‘मुगेरीनी’ हे तर आपल्या मोगऱ्याचेच इटालियन रूप. गोव्याच्या बाजारात माळणीने उच्चारलेला शब्द फुलाबरोबर समुद्र ओलांडून गेला आणि एका राजबागेच्या दारावर जाऊन बसला!

अशा खोल्यांत झाडे राखणे सोपे नव्हते. शेगडीचा धूर पानांना बाधतो आणि कोरड्या उष्णतेने पाने गळतात. खिडक्या बंद ठेवाव्यात तर हवा कोंडते, उघडाव्यात तर थंडी आत शिरते. याच काळात, १६९१ साली, जॉन एव्हलिन या इंग्रज लेखकाने बाहेरची ताजी हवा तापवून मग ती झाडांच्या खोलीत सोडण्याची योजना प्रसिद्ध केली. झाडाला केवळ ऊब पुरत नाही, त्याला श्वासही हवा, हे युरोपातील माळी अनेक झाडे गमावून शिकले.

महाड्यूकला हा मोगरा इतका प्रिय होता की त्याची एक काडीही बागेबाहेर जाऊ द्यायची नाही, असा त्याचा हुकूम होता म्हणे. टस्कनीत एक लोककथा सांगतात. एका तरुण माळ्याने आपल्या प्रेयसीला भेट म्हणून या झाडाची डहाळी चोरून नेऊन दिली. तिने ती जपून लावली, जगवली, तिच्या रोपांच्या विक्रीतून संसारापुरता पैसा उभा केला आणि दोघांचे लग्न झाले. तेव्हापासून तिकडील वधू मोगऱ्याची डहाळी माळू लागल्या, असे म्हणतात. कथा खरी असो वा नसो, पुढे घडले ते खरे आहे. हुकूम काढणाऱ्या मेदिचींचा राजवंश १७३७ साली संपुष्टात आला. मोगरा मात्र बागेबाहेर पडला, आणि आज दूरदूरच्या रोपवाटिकांत तो ‘ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी’ या नावाने विकला जातो. ज्याने तो कोणाला द्यायचा नाही असे ठरवले, त्याचेच नाव वाटल्या जाणाऱ्या प्रत्येक रोपावर लागले आहे.

परंतु या कोसिमोला केवळ कंजूष ठरवून मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. जुन्या गोव्यातील बॉं जेझूस महामंदिरात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटिकेखाली रंगीत संगमरवराचा जो भव्य चौथरा आहे, तो याच महाड्यूकची देणगी होय. संतांच्या मस्तकाखाली असलेली उशी येशूसंघीयांनी त्याला भेट दिली, त्याची ही कृतज्ञ परतफेड. जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी या फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराने दहा वर्षे खपून हे काम सिद्ध केले आणि १६९८ साली ते गोव्यात पोहोचले. आपल्यापैकी कित्येकांनी त्यापुढे गुडघे टेकले असतील. त्याच माणसाने संगमरवर सढळ हाताने दिला आणि मोगऱ्याची काडी मात्र मुठीत धरून ठेवली. मानवी मन असेच आहे. मोठे दान सुचते. लहान दान जड जाते.

हे आम्ही दुसऱ्याविषयी लिहीत नाही. आमच्या धर्मग्रामाच्या निवासातही बटमोगऱ्याचे एक जुने झाड होते. वारंगा फाट्यावर राहणाऱ्या आमच्या एका कुटुंबातील आजींनी पावसाळ्यात त्याचे एक रोप मागितले. ‘झाड अजून अशक्त आहे, पुढच्या वर्षी पाहू,’ असे म्हणून आम्ही टाळले. खरे पाहता झाड चांगले फोफावलेले होते. त्याच आठवड्यात आम्ही त्याच्या फांद्या छाटून कचऱ्यात टाकल्या. पुढे डिसेंबरात थंडी वाढली, तशी आम्ही कुंडी बंद खोलीत हलवली, खिडकी लावून घेतली आणि प्रेमापोटी रोज तांब्याभर पाणी घालीत राहिलो. नाताळापर्यंत पाने पिवळी पडली आणि जानेवारीत मुळे कुजलेली आढळली.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही त्या कुटुंबाकडे गेलो. नागपूर-तुळजापूर आणि नांदेड-हिंगोली हे रस्ते जेथे एकत्र येतात, ते हे गाव. खिचडीसाठी थांबणाऱ्या प्रवाशांना ते चांगले ठाऊक आहे. दिवेलागणीची वेळ होती. आजी अंगणातला एक तेलाचा डबा उचलून घरात ठेवीत होत्या. डब्यात मोगरा होता. आम्ही त्याच्याकडे पाहत राहिलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “फादर, तुमचाच आहे तो. कचऱ्यातल्या चार काड्या उचलल्या होत्या, एक लागली.” आम्हांला काय बोलावे ते सुचेना. आमच्या झाडाची गत ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, “थंडीत त्याला पाणी कमी अन् ऊन जास्त लागतं. झोपलेल्या लेकराला कुणी जेवू घालतं का?”

त्यांची रीत साधी होती आणि कास्तेल्लोच्या माळ्यांनाही मान्य झाली असती. दिवसभर डबा उन्हात, रात्री घरात. परंतु चुलीपासून दूर. वरची माती बोटभर खोल कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. डब्याच्या तळाला भोके. थंडी ओसरू लागली की हलकी छाटणी, मूठभर शेणखत आणि मग भरपूर पाणी. कारण मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवरच येतात. परदेशी थंड मुलखांत राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनाही हेच उपयोगी पडेल. तेथे मोगरा शरदातच घरात घ्यावा, सर्वांत उजेडाच्या खिडकीशी ठेवावा आणि पानांमागे बारीक लाल कोळी दिसल्यास पाने पाण्याने धुवावीत.

निघताना आजींनी एक फांदी दाखवली. ती त्यांनी पावसाळ्यातच शेजारच्या कुंडीत वाकवून मातीत दाबली होती. तिला मुळे फुटली होती. “ही तुमच्यासाठीच ठेवली,” असे म्हणून त्यांनी ती मूळ झाडापासून तोडून कुंडी आमच्या हाती दिली. ज्या झाडाला आम्ही नकार दिला होता, त्याच झाडाचा वंश आम्हांला नकार न मिळता परत मिळाला. मातीत पुरून ठेवलेल्या तालांताच्या दाखल्यावर आम्ही अनेकदा प्रवचन केले आहे. त्याचा अर्थ आम्हांला त्या संध्याकाळी तेलाच्या डब्यापाशी अधिक कळला.

ती कुंडी आता आमच्या दारात आहे. दर पावसाळ्यात छाटलेल्या काड्या आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून रविवारच्या मिस्सानंतर ख्रिस्तमंदिराच्या पायरीवर ठेवतो. ज्याला हवी त्याने न्यावी. एखाद्या कडक हिवाळ्यात आमचे झाड पुन्हा गेलेच, तर कोणाचे दार ठोठवायचे, हे आम्हांला ठाऊक आहे.