शब्बाथशाळेतली मूठभर माती

गेल्या पावसाळ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी हिवरा आश्रमला घरी आली. तालुक्याच्या गावी दहा-बारा ख्रिस्ती मुलांचा रविवारचा वर्ग ती घेते. “सर, बायबलमधली एक गोष्ट सांगायची आणि तिच्यावर हाताने काही करून घ्यायचं. तुम्ही चाळीस वर्षं मुलांना शिकवलंत, जरा आखून द्या ना.” मी ख्रिस्ती नाही आणि राहतो शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमाच्या सावलीत. तरी मला संकोच वाटला नाही. 1886च्या नाताळाच्या आदल्या रात्री आंटपूरला धुनीभोवती बसलेल्या गुरुबंधूंना तरुण नरेंद्राने येशूचीच कथा सांगितली होती. मात्र आखणीला बसण्याआधी या वर्गाचा इतिहास पाहावा, असे ठरवले.

मराठी ख्रिस्ती घरांत या वर्गाला ‘शब्बाथशाळा’ म्हणतात. तिचे मूळ इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावचे. तिथे 1780मध्ये रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रकाराने आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी रविवारी वर्ग काढले. उद्देश धर्मशिक्षणाचा होता, पण बायबल वाचायचे तर आधी अक्षरओळख हवी. ही सांगड आपल्याकडेही आली. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813मध्ये मुंबईत उतरले. पुढे अहमदनगरला सिंथिया फॅरार यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या पाहूनच जोतीराव फुल्यांना 1848मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे सर्वज्ञात आहे.

परकी गोष्ट मराठी कशी झाली, हा खरा प्रश्न. त्याचे एक उत्तर कीर्तनात आहे. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या मंडळींनी पूर्वरंग-उत्तररंगाच्या घाटात ख्रिस्तकथा बसवली. दुसरे उत्तर ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात. मिशनने चालवलेल्या या मासिकाने मराठी मुलांना त्यांच्या वयाच्या भाषेत वाचायला दिले. फुलांमुलांचे कवी ना. वा. टिळक याच परंपरेतले.

आणि हस्तकला? तिचा धागा मला पंडिता रमाबाईंपाशी सापडला. अमेरिकेतल्या मुक्कामात त्यांनी फिलाडेल्फियाला फ्रेबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. मूल हाताने शिकते, हे त्या पद्धतीचे सार. 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली त्यांनी केडगावला आणल्या. तिथे विणकाम, छपाई, टोपल्या विणणे अशी कामे प्रार्थनेइतकीच महत्त्वाची ठरली. त्या मुलींसाठी हातातली कला म्हणजे उद्याची भाकरी होती.

पण याच रमाबाईंच्या चरित्रातले 1893 साल विसरून चालणार नाही. शारदा सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात, यावरून पुण्यात वादळ उठले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई म्हणत, मी कुणाला बोलावत नाही, दार मात्र बंद करणार नाही. पालकांना वाटे, उघडे दार हेच बोलावणे. मला दोन्ही बाजू समजतात. लेकरू कुणाचे आणि त्याला गोष्ट कुणी सांगायची, हा प्रश्न तेव्हा सुटला नाही. आजही तो सोपा नाही.

हे सारे तिला सांगून आम्ही आखणीला बसलो. पेरणाऱ्याचा दाखला निवडला. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायात काही बी वाटेवर पडते, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत. मी म्हटले, “आपली पोरं विचारतील, वाटेवर बी टाकणारा हा कसला शेतकरी?” आपल्याकडे पेरणी तिफणीने, बी तासातच पडायचे. त्या देशात बी मुठीने फेकून पेरत, हे आधी सांगितले नाही तर गोष्ट तिथेच अडते.

शहरातून आणलेले रंगवायचे छापील कागद आम्ही बाजूला ठेवले. त्याऐवजी चार द्रोण घ्यायचे ठरले. एकात तुडवलेली पायवाटेची माती, एकात मुरूम, एकात बोराटीचे काटे, एकात काळी माती. चारींत मूठ-मूठ गहू. घटस्थापनेचे धान उगवताना प्रत्येक पोराने पाहिलेले असते, त्यामुळे पुढचे त्यांना शिकवावे लागणार नव्हते.

पंधरवड्याने तिचा फोन आला. शेजारची दोन हिंदू मुले द्रोण पाहून दारात उभी राहिली होती.

“मग?” मी विचारले.

“त्यांच्या आईला बोलावून आणलं, सर. आज कोणती गोष्ट आहे ते सांगितलं. ती म्हणाली, बसू द्या, पण गहू उगवला की द्रोण घरी आणू द्या.”

मी वहीत 1893खाली ती तारीख लिहून ठेवली.