पत्नी माहेरी असताना वडिलांचे बाळाशी नाते कसे जुळेल?

आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले की मुलगी आईकडे जाते. तिला आराम मिळतो, हे चांगलेच. पण बाळाची हालचाल बाहेरून हाताला स्पष्ट कळण्याचे महिने हेच असतात. त्यात कोपरगाव भागात उसाचा हंगाम असेल, तर तोडणी, वाहतूक किंवा कारखान्यावरची ड्युटी सोडून सासुरवाडीला जाणेही जमत नाही. मग वडिलांची आणि बाळाची ओळख थेट जन्मानंतरच होते. बाळंतपणाची माहिती आधीच घेतली, तर हे अंतर बरेच कमी होते.

पोटातले बाळ काय करते?

पहिल्या खेपेला आईला साधारण १८ ते २० आठवड्यांत हालचाल जाणवते. पोटावर हात ठेवणाऱ्याला ती आणखी काही आठवड्यांनी कळते. साधारण २५ आठवड्यांनंतर बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. जाड, खालच्या पट्टीतला आवाज पोटातून जास्त चांगला पोहोचतो. त्यामुळे बाळाशी जरूर बोला. त्याने बाळ हुशार होईलच असे नाही. पण तुम्हाला त्याची सवय होते, माया लागते.

माहेरी जाण्यापूर्वी

- किमान एका तपासणीला सोबत जा. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते.
- बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकवण्याची विनंती करा. मुलगा की मुलगी, हे विचारू नका. तो कायद्याने गुन्हा आहे.
- माता-बाल संरक्षण कार्ड दोघांनी मिळून वाचा. रक्तगट, हिमोग्लोबिन आणि प्रसूतीची अंदाजे तारीख यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.
- कळा कशा सुरू होतात, दवाखान्यात कधी निघायचे, हे डॉक्टर, नर्स किंवा आशाताईंना विचारा.

लांब असताना

रोज ठरलेल्या वेळी फोन करा. ‘जेवलीस का?’ एवढ्यावर थांबू नका. ‘आज बाळ कसं हललं?’ हेही विचारा. फोन स्पीकरवर ठेवून बाळाशी बोला. दवाखाना, गाडी आणि गरज पडल्यास रक्त कोण देणार, हे सासरे किंवा मेहुण्यांशी बोलून आधीच ठरवा.

अशा वेळी थांबू नका

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके किंवा जास्त ताप यांपैकी काहीही झाले, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. लगेच दवाखान्यात न्यायला सांगा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

बाळंतपणात आणि नंतर

केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनांनुसार प्रसूतीवेळी सोबतीला अनुभवी स्त्री नातेवाईक थांबू शकते. प्रसूतीकक्षात आडोशाची सोय असेल, तर पतीलाही परवानगी देता येते. तुमच्या दवाखान्यात काय नियम आहे, ते आधीच विचारा.

पोहोचायला उशीर झाला तरी मन खट्टू करू नका. बाळाची तब्येत ठीक असेल, तर नर्सच्या मदतीने त्याला उघड्या छातीशी धरा. घरच्यांनी मध किंवा गुटी चाटवायला काढली, तर नम्रपणे पण ठामपणे नको म्हणा. पहिल्या तासात आईचेच दूध द्यायचे असते. मध तर वर्षभर नको. वडील म्हणून बाळासाठी केलेले हे पहिले काम असेल.

झोप उडणे, सतत चिडचिड किंवा उदासी वडिलांनाही होऊ शकते. दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर डॉक्टरांना भेटा.