माफीचा साक्षीदार आणि हत्यांची मालिका : एक साधनचिकित्सा

एकाच व्यक्तीने अथवा एकाच टोळीने दीर्घ काळ क्रमाक्रमाने केलेल्या हत्या हा विषय सामान्यतः वृत्तपत्रांचा, कादंबरीकारांचा किंवा फार तर मानसशास्त्रज्ञांचा मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे असे त्यात काय आहे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात या शंकेचे उत्तर साधनांच्या अंगाने देण्याचा प्रयत्न केला आहे. अशा प्रकरणांचे जे ज्ञान आपणास होते, ते बहुतांशी एकाच प्रकारच्या साधनावर उभे असते. हे साधन म्हणजे गुन्ह्यात स्वतः सहभागी असून पुढे सरकारपक्षास मिळालेल्या इसमाची, म्हणजे माफीच्या साक्षीदाराची जबानी होय. तिची चिकित्सा कशी करावी हा प्रश्न न्यायाधीशाइतकाच इतिहासकाराचाही आहे.

१. मालिका कोठे असते?

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. घटना घडत असताना तिची ‘मालिका’ कोणास दिसत नाही. दिसते ते एका गावी हरवलेले मूल, दुसऱ्या गावी सापडलेले बेवारस प्रेत, तिसऱ्या ठाण्यातील अपूर्ण नोंद. या सुट्या मण्यांतून दोरा ओवला गेला म्हणजे मालिका निर्माण होते, आणि हा दोरा बहुधा आतला माणूसच पुरवितो.

दोरा ओवला न जाण्यास अधिकारक्षेत्रांची विभागणी फार कारणीभूत होते. आपल्या प्रदेशाचेच उदाहरण घ्यावे. आजचा सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ रोजी ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला व २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्यास सांगली हे नाव मिळाले. तत्पूर्वी या टापूत ब्रिटिश मुलुखाचे तालुके, सांगली व मिरज येथील पटवर्धनांची संस्थाने, जत, औंध आणि लगतचे कोल्हापूर अशी हद्दींची गुंतागुंत होती. काही मजलांच्या प्रवासात वाटसरू चारपाच सत्तांच्या हद्दी ओलांडीत असे. असा वाटसरू वाटेत नाहीसा झाला, तर तो नेमका कोणाच्या मुलुखात नाहीसा झाला हेच ठरत नसे. चौकशी करण्याचा भार प्रत्येक सत्तेने शेजारणीवर टाकावा, हे अशा व्यवस्थेत ओघानेच येते.

२. ठगांचा पुरावा

एकोणिसाव्या शतकातील ठगीच्या बंदोबस्ताचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. वाटसरूंशी सलगी करावयाची, विश्वास संपादन करून रुमालाने गळा आवळावयाचा आणि प्रेत तत्काळ पुरून टाकावयाचे, अशी ही पद्धत होती. प्रेत नाही, फिर्यादी दूर देशी, साक्षीदार कोणी नाही. अशा स्थितीत विल्यम स्लीमन याने टोळीतील माणसे फोडण्याचा मार्ग अवलंबिला. १८३० च्या अखेरीस हाती लागलेला फिरंगिया हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध होय. त्याने दाखविलेल्या जागी जमीन खणली असता प्रेते निघाली, आणि शब्दास मातीची पुष्टी मिळाली. पुढे स्लीमनने अशा जबान्यांवरून ठगांच्या वंशावळी रचल्या. १८३६ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ‘रामसीआना’ हा ग्रंथ बव्हंशी याच संभाषणांवर आधारलेला आहे.

१८३१ ते १८३७ या काळात ३,२६६ ठग पकडले गेले, त्यांपैकी ४१२ फाशी गेले आणि ४८३ जणांनी सरकारतर्फे साक्ष दिली, असे आकडे प्रचलित ग्रंथांत आढळतात. फाशी जाणाऱ्यांपेक्षा साक्ष देणाऱ्यांची संख्या मोठी आहे, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. सर्व इमारत ज्या खांबांवर उभी होती, ते खांब आपला जीव वाचविण्यासाठी बोलत होते.

यासोबतच १८३६ चा ३० वा कायदा पाहावा. ठगांच्या कोणत्याही टोळीशी, कायदा होण्यापूर्वी वा नंतर, कंपनीच्या मुलुखात वा बाहेर, संबंध होता एवढे सिद्ध झाले की जन्मभर सक्तमजुरीची शिक्षा देता येई. विशिष्ट खून शाबीत करण्याची आवश्यकता उरली नाही. हद्दींची अडचण दूर झाली हे खरे. तथापि कृत्याऐवजी संबंध हाच गुन्हा ठरला. या विचारसरणीचे पुढचे पाऊल १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात पडले व संपूर्ण जमाती जन्मतःच संशयित ठरविल्या गेल्या. सोलापूर येथील तारेच्या कुंपणाची वसाहत हे त्याचे आपल्याकडील ठळक स्मारक. या जमाती कायद्याच्या कचाट्यातून मुक्त झाल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. मालिका ओवणारा दोरा सैल हाती पडला की तो निरपराधांच्याही गळ्याभोवती पडतो, हा या प्रकरणाचा धडा आहे.

संख्येच्या बाबतीतही सावधगिरी हवी. बेहराम नावाच्या ठगाने ९३१ माणसे मारली असे विधान लोकप्रिय पुस्तकांतून सर्रास आढळते. प्रत्यक्षात त्याच्या नावावर नोंदलेल्या दुसऱ्या एका जबानीत, आपण स्वहस्ते सुमारे १२५ जणांना मारले व आणखी सुमारे १५० जणांना मारताना पाहिले, एवढेच म्हटले आहे. एकाच माणसाच्या तोंडचे दोन आकडे इतके भिन्न असता मोठा आकडा उचलावयाचा, ही प्रवृत्ती साधनाची नव्हे, वाचकाची आहे. स्ट्युअर्ट गॉर्डन (१९६९) व किम वॅगनर (२००७) यांच्या संशोधनानंतर ठगीचे अस्तित्व आणि ठगीविषयीची वसाहतकालीन कथा यांत भेद करणे आता अनिवार्य झाले आहे.

३. आधुनिक कायद्याची कसोटी

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने या प्रश्नास एक तोल दिला. कलम १३३ प्रमाणे सहगुन्हेगार हा सक्षम साक्षीदार मानला गेला आणि केवळ त्याच्या अपुष्ट साक्षीवर दिलेली शिक्षा बेकायदेशीर ठरत नव्हती. मात्र महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी मिळाल्याखेरीज तो विश्वासार्ह नाही असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम ११४ च्या दृष्टांतात सुचविले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने पुष्टी मिळालेल्या साक्षीचाच उल्लेख करून ही सावधगिरी मूळ कलमातच आणली. त्याच दिवशी जुनी दंडसंहिता गेली आणि तिच्याबरोबर ठगाची व्याख्या करणारी ३१० व ३११ ही कलमेही गेली.

महाराष्ट्रातील अलीकडच्या खटल्यांत ही कसोटी वारंवार लागलेली दिसते. पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात झालेल्या, जोशी-अभ्यंकर प्रकरण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दहा हत्यांचा उलगडा एका साथीदाराच्या साक्षीने झाला. चौघा आरोपींना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा येथे फाशी देण्यात आली. त्यांतील पहिला बळी ठरलेल्या तरुणाकडून घर सोडून जात असल्याची चिठ्ठी लिहवून घेण्यात आली होती. त्याचे नाहीसे होणे खून म्हणून उघड झाले ते पुढील तपासात. म्हणजे मालिकेतील पहिला मणी सर्वांत शेवटी हाती आला. सातारा जिल्ह्यात वाईनजीक धोम येथे २००३ ते २०१६ या काळातील सहा हत्यांचा आरोप ठेवला गेला, तोही २०१६ सालच्या एका महिलेच्या बेपत्ता होण्याच्या तक्रारीपासून मागे मागे जात. त्या खटल्यातही माफीचा साक्षीदार आहे, आणि तेथेही जमीन खणून अवशेष बाहेर काढावे लागले.

४. कोल्हापूरचा खटला

या सर्वांत साधनदृष्ट्या अधिक बोलका खटला म्हणजे अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित यांचा. १९९० ते १९९६ या काळात कोल्हापूर, नाशिक, पुणे, ठाणे, मुंबई अशा निरनिराळ्या ठिकाणांहून त्यांनी लहान मुले पळविली. जत्रेत वा देवळाच्या गर्दीत चोरी करताना कडेवर मूल असावे, पकडले गेल्यास त्या मुलाच्या आडून लोकांची दया मिळवावी, आणि मूल निरुपयोगी वा अडचणीचे झाले की त्यास संपवावे, असा हा क्रम होता. कोल्हापुरातील एका प्रसंगी जमावाचे लक्ष विचलित करण्यासाठी कडेवरचे मूल जमिनीवर आपटण्यापर्यंत मजल गेली.

सहा वर्षे हा प्रकार चालू राहिला, याचे कारण केवळ आरोपींच्या धूर्तपणात शोधणे बरोबर होणार नाही. पळविलेल्या मुलांपैकी काही भिक्षेकऱ्यांची व पदपथावर राहणाऱ्यांची होती. अशा मातापित्यांची तक्रार नोंदली जाणे, नोंदल्यास तपासली जाणे आणि एका शहरातील नोंद दुसऱ्या शहरातील बेवारस प्रेताशी ताडून पाहिली जाणे, यांपैकी प्रत्येक पायरी निसरडी होती. संस्थानांच्या हद्दी १९४८ नंतर गेल्या. ठाण्यांच्या हद्दी राहिल्या. अखेर १९९६ साली प्रकरण फुटले ते अंजनाबाईच्या पूर्वीच्या पतीच्या दुसऱ्या पत्नीने आपल्या मुलीविषयी लावून धरलेल्या तक्रारीमुळे. संशयितांचे नाव सांगू शकणारी एक फिर्यादी भेटली तेव्हाच बाकीची मुले कागदावर आली.

पुढे रेणुकेचा पती माफीचा साक्षीदार झाला आणि सुट्या घटनांस क्रम लाभला. अंजनाबाई खटला संपण्यापूर्वीच तुरुंगात मरण पावली. जून २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने ८ सप्टेंबर २००४ रोजी व सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २००६ रोजी ती कायम केली. तेरा मुलांचे अपहरण आणि किमान पाच मुलांचे खून एवढे शाबीत झाले. आरोप त्याहून अधिक खुनांचे होते. लोकवार्तेत मात्र चाळीसहून अधिक बळींचा आकडा रूढ झाला. बेहरामच्या ९३१ ची येथे आठवण व्हावी. पाच बालकांच्या हत्येने ज्यास पुरेसा हादरा बसत नाही, त्याच्यासाठी आकडा वाढवीत नेणे हे मृतांविषयीच्या आस्थेचे लक्षण नव्हे.

खटल्याचा शेवटचा अध्यायही कागदपत्रांचाच आहे. दयेचे अर्ज दीर्घ काळ निर्णयाविना फिरत राहिले. राष्ट्रपतींनी २०१४ साली ते फेटाळले. त्यानंतर या विलंबाविरुद्ध दाखल झालेल्या याचिकेवर १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, शासनयंत्रणेकडून झालेल्या सात वर्षांहून अधिक अक्षम्य विलंबाच्या कारणास्तव, फाशीचे रूपांतर जन्मठेपेत केले. गुन्ह्याचे गांभीर्य न्यायालयाने किंचितही कमी लेखले नाही. दोष ठेवला तो शासनाच्या दिरंगाईवर. मुले हरवली तेव्हा नोंदी एकमेकींस भेटल्या नाहीत, आणि शिक्षा झाल्यावर नस्ती टेबलावरून हलली नाही. उदासीनता दोन्ही टोकांस होती.

५. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, माफीच्या साक्षीदाराची जबानी टाळता येत नाही. परंतु ती जेथे मातीने, प्रेताने अथवा स्वतंत्र नोंदीने पुष्ट होते तेवढीच इतिहासाची, बाकीची आख्यायिकेची. दुसरी, अपुष्ट जबानीवर समूहाचा गुन्हा उभारला तर त्याची किंमत पिढ्यानपिढ्या भरावी लागते. तिसरी, आणि अधिक महत्त्वाची, अशी की हत्यांच्या मालिकेचा इतिहास हा मारेकऱ्याच्या चरित्राइतकाच नोंदींच्या अभावाचाही इतिहास आहे. हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदविलीच पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास १० मे २०१३ रोजी द्यावा लागला, यावरून तत्पूर्वीची स्थिती कळून येते.

आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी जिल्ह्यातील पोलीस दप्तरांचा अभ्यास हाती घेईल, तर त्याने गाजलेल्या खटल्यांच्या कागदांपूर्वी बेपत्ता व्यक्तींच्या आणि बेवारस प्रेतांच्या नोंदवह्या उघडाव्यात. ज्यांच्यासाठी कोणी साक्षीदार उभा राहिला नाही, त्यांचे एकमेव साधन त्या वह्यांत आहे.